ईएमटी व्हायचंय? सर्टिफिकेट की पदवी

बारावी सायन्स झालंय, काम अॅम्ब्युलन्सवरच, ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) म्हणून करायचंय, पण काही महिन्यांचं सर्टिफिकेट घ्यावं की तीन वर्षांची पदवी हे ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. मी आधी सर्टिफिकेट केलं, खासगी अॅम्ब्युलन्सवर थोडा काळ काढला आणि मग पदवीला गेलो.

पायाभूत गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. सीपीआरला, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबताना, मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. अंबू बॅग (दाबून श्वास देण्याची पिशवी), स्प्लिंट (मोडलेलं हाड हलू नये म्हणून आधार), रस्त्यात अडलेलं बाळंतपण. पदवीत औषधं, ईसीजी वाचणं, इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) यांची भर पडते. वर्गापुरतं बोलायचं तर सर्टिफिकेटवाल्या सरांनी उलट जास्त जीव ओतून शिकवलं.

सर्टिफिकेटमध्ये खटकलं ते कॅज्युअल्टीतलं, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातलं, पोस्टिंग. पेशंट गंभीर आला की आम्हाला ऐकू यायचं, "पोरांनो, बाजूला व्हा." इंटर्न पुढे, सिस्टर पुढे, आम्ही भिंतीला. स्ट्रेचर ढकला, बीपी घ्या, रजिस्टर लिहा. सिस्टरांना तरी काय बोलणार? शनिवारी निघून जाणाऱ्या पोराच्या हातात कोण पेशंट देईल? पण दाब देताना बरगडी कट्कन वाजली तरी हात थांबवायचा नाही, हे डमीवर कळत नाही. पदवीच्या इंटर्नशिपमध्ये त्याच कॅज्युअल्टीत महिनोन्महिने काढले. सिस्टर नावानं हाक मारू लागल्या आणि एका रात्री म्हणाल्या, "ये, आता तू घे." माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. तुमच्याकडचं रुग्णालय अधिक मोकळं असेलही.

नोकरीचं एक गणित आधीच समजून घ्या. महाराष्ट्रात २०१४ला १०८ अॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली ती डॉक्टर असलेल्या अॅम्ब्युलन्स घेऊन, त्यामुळे 'कोर्स झाला की १०८वर' हे इथे गृहीत धरू नका. गोव्यात १०८वर ईएमटी असतात. आपल्याकडे खासगी अॅम्ब्युलन्स, रुग्णालयाची कॅज्युअल्टी, कारखान्याचं प्रथमोपचार केंद्र, हे रस्ते जास्त. शिवाय २०२१च्या केंद्रीय कायद्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी (डॉक्टर-नर्सना साहाय्य करणारे तंत्रज्ञ वगैरे) किमान २००० तासांचं शिक्षण धरलंय आणि 'हेल्थकेअर प्रोफेशनल' या पदवीच्या वर्गासाठी ३६००. काही महिन्यांचा कोर्स त्यात कुठे बसतो, हे ज्याचं त्यानं पाहावं.

घरी पगाराची निकड असेल, किंवा नर्सिंग आधीच झालेलं असेल, तर सर्टिफिकेट घ्यायला माझी ना नाही. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षांची कमाईही गेली, आणि ती मला जड गेलीच. फक्त प्रवेशाआधी विचारा: कॅज्युअल्टी पोस्टिंग कुठल्या रुग्णालयात, सलग किती, रात्रपाळी आहे का, लॉगबुकवर सही कोण करतं? "ते नंतर बघू" असं उत्तर आलं, तर फी भरायची घाई करू नका.