रनर बदकांची अंडी घरी उबवण्यासाठी लहान स्वयंचलित इन्क्युबेटर : एक परीक्षण

रनर बदके अंडी भरपूर देतात, पण त्यांवर बसत मात्र नाहीत. चांगली मादी वर्षाला दीडशेहून अधिक अंडी घालते, पहाटे जिथे असेल तिथेच अंडे टाकून पुढे निघून जाते, आणि खुडूक होण्याची वृत्ती या जातीत फारच क्षीण आहे. पिल्ले हवी असतील तर खुडूक कोंबडी शोधावी लागते किंवा यंत्र घ्यावे लागते. कोंबडीचे शरीर २१ दिवसांच्या हिशेबाने चालते, बदकाच्या अंड्याला २८ दिवस लागतात, आणि आपल्याला अंडी ठेवायची असतील नेमकी त्याच वेळी ती खुडूक होईल याचा भरवसा नसतो. म्हणून मी पंखा असलेले आणि अंडी आपोआप फिरवणारे एक लहान घरगुती इन्क्युबेटर घेतले व त्यात रनरच्या अंड्यांच्या अनेक खेपा काढल्या. हे यंत्र उष्णतेच्या बाबतीत विश्वासू आहे. मात्र ते कोंबडीच्या अंड्यासाठी बनवलेले आहे, ही गोष्ट ते अखेरपर्यंत विसरू देत नाही.

क्षमतेपासूनच हे जाणवते. खोक्यावर २४ अंडी असे लिहिलेले असले, तरी रनरचे अंडे साधारण ७० ग्रॅमचे आणि लांबट असल्यामुळे १६ अंडीच मोकळेपणाने मावतात. अंडी फिरवणाऱ्या सरकत्या पट्ट्यांमधले अंतर वाढवता येते, ही या रचनेतली फार उपयोगी सोय आहे. अंडी दाटीने भरल्यास मोटरचा आवाज येत राहतो, पण अंडी जागची हलत नाहीत. म्हणून प्रत्येक अंड्याच्या एका बाजूस पेन्सिलने फुली मारून ती खरोखर वर-खाली होते का, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

कारखान्यातून यंत्र ३८ अंशांवर लावून आले होते. पंख्याच्या यंत्रात बदकाच्या अंड्यांना ३७.५ अंश सेल्सिअस योग्य असते, आणि तेवढे लावल्यावर वेगळ्या थर्मामीटरने मोजलेला मधल्या भागातला आकडा पडद्यावरच्या आकड्याशी जुळला. पंख्यापासून दूरचे कोपरे किंचित थंड राहतात, परंतु कोपऱ्यातली अंडी अधूनमधून मध्ये आणली की तेवढ्याने भागते. वीज जाऊन परत आल्यावर लावलेले तापमान यंत्राच्या स्मरणात राहते, हेही चांगले.

आर्द्रतेच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आर्द्रतामापक पारखण्याची एक सोपी रीत आहे : साधे मीठ किंचित ओले करून हवाबंद पिशवीत मापकाशेजारी काही तास ठेवले, की आकडा ७५ टक्क्यांवर स्थिरावला पाहिजे. असा पारखून घेतलेला मापक यंत्रात ठेवल्यावर यंत्राचा आकडा सतत जास्त निघाला, म्हणजे आत आपण समजतो त्याहून कोरडे असते. याहूनही खात्रीचा उपाय म्हणजे तराजू. पंचविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण १३ टक्क्यांनी घटले पाहिजे, म्हणजे ७० ग्रॅमच्या अंड्यातून सुमारे ९ ग्रॅम पाणी उडून जायला हवे. घट कमी असेल तर पाणी कमी करावे, जास्त असेल तर वाढवावे. तळाशी पाण्याच्या दोन खाचा आहेत आणि दोन्ही झाकण न उघडता बाहेरून भरता येतात. पहिल्या २५ दिवसांत ४५ ते ५५ टक्क्यांसाठी एक खाच पुरते. दुसरी शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवावी. या यंत्रातला मला सर्वाधिक आवडलेला भाग हाच आहे.

घरट्यावर बसणारी बदकीण रोज थोडा वेळ उठून जाते आणि ओल्या पिसांनी परतते. त्याची नक्कल म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून रोज दहा-पंधरा मिनिटे झाकण काढून अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका फवारा मारण्याची पद्धत आहे. येथे यंत्र अडथळा आणते, कारण तापमान उतरताच भोंगा वाजू लागतो आणि तो बंद करण्याची सोय नाही.

खरी कसोटी शेवटच्या तीन दिवसांत लागते. यंत्राच्या पडद्यावरचा दिवसांचा आकडा २१ वर थांबतो, त्यामुळे पुढची नोंद कागदावरच ठेवावी लागते. पंचविसाव्या दिवशी मोटर बंद करून पट्ट्या काढाव्यात आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास न्यावी. त्याच दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे बॅटरी धरली, तर तिरप्या झालेल्या हवेच्या पोकळीत कधीकधी चोचीची सावली हलताना दिसते. तो क्षण पाहण्यासाठी मी दर खेपेला आतुर असतो. कवचाला पहिला तडा गेल्यावर पिल्लू बराच वेळ गप्प पडून राहते. या काळात आतल्या शिरांमधले रक्त आणि उरलेला बलक ते शरीरात ओढून घेत असते, आणि बदकांत याला एक दिवस, कधी दीड दिवसही लागतो. काळजीपोटी झाकण उघडले तर आर्द्रता झर्रकन उतरते आणि आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. झाकण पूर्ण पारदर्शक असल्याने ही वाट बाहेरूनच पाहता येते, आणि एवढ्या एका गुणासाठी मी अपारदर्शक झाकणाच्या यंत्रांपेक्षा यालाच पसंती देईन.

पट्ट्या काढल्यावर उरणारा तळ गुळगुळीत आहे. रनरचे पाय शरीराच्या खूप मागे असतात, म्हणूनच ती ताठ उभी राहते. अशा पिल्लाचे पाय पहिल्या तासांत घसरून फाकले तर नुकसान मोठे होते. उत्पादकाने खरखरीत जाळी द्यायला हवी होती. ती येईपर्यंत आपणच घसरण न होणारी रबरी जाळी कापून घालावी.

पिल्ले सुकली की त्यांना सुमारे ३२ अंशांच्या ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत, हलवावे. हे यंत्र ब्रूडरचे काम करू शकत नाही. खाद्य कोंबडीच्या पिल्लांचे असेल तर त्यात नायसिनची (ब-३ जीवनसत्त्वाची) भर घालावी, कारण बदकांना ते अधिक लागते आणि कमी पडल्यास पाय वाकतात. पाण्याचे भांडे नाकपुड्या बुडतील इतके खोल, पण पिल्लू आत उतरणार नाही इतके अरुंद असावे.

घरापुरती आठ-दहा पिल्ले काढू इच्छिणाऱ्याने, तराजू आणि वेगळा आर्द्रतामापक सोबत घेण्याची तयारी असेल तर, हे यंत्र जरूर घ्यावे. स्वच्छतेला मात्र वेळ राखून ठेवावा. तळाचा भाग सुटा होऊन धुता येतो. पण पंख्याच्या जाळीत लव अडकते आणि ती काढण्यासाठी चार स्क्रू उघडावे लागतात. पुढच्या खेपेची अंडी ठेवण्यापूर्वी ते काम टाळू नये, कारण उबेत आणि ओलाव्यात त्या लवेवर जिवाणू वाढतात आणि पंखा तीच हवा नव्या अंड्यांवर फिरवतो.