टेदरिंगचं अ‍ॅप, हॉटस्पॉट की साधी केबल? पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

फोनचं नेट लॅपटॉपला देण्यासाठी, म्हणजे टेदरिंगसाठी, पैसे भरून अ‍ॅप घ्यावं का, असं विचारणाऱ्यांना आधी उत्तर देऊन टाकते: बहुतेकांना गरज नाही. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी स्पीड आणि रेटिंग नंतर बघावं. आधी हे बघावं की अ‍ॅपने तयार केलेलं नेटवर्क लॅपटॉपवर रोज त्याच नावाने दिसतं का. मला सगळ्यात जास्त मनस्ताप याच गोष्टीने दिला.

देवरूखजवळच्या गावातून मी लहान दुकानदारांचे हिशेब लिहिते, जीएसटी भरते. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१, २० ला कर भरण्याचं रिटर्न ३बी. ३बीची तारीख हुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी, निल म्हणजे काहीच व्यवहार नसेल तर २०. पावसात रस्त्याकडेची झाडं पडली की फायबर तुटतं, आणि जुलैत ते ऐन २० तारखेच्या तोंडावर तुटलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रार केली की २४ तासांत माणूस येईल असा मेसेज, पुन्हा फोन केला की नवा तक्रार क्रमांक आणि पुन्हा तेच २४ तास. माणूस आला तोवर मी सगळी रिटर्न मोबाइलच्या नेटवर भरून मोकळी झाले होते.

सुरुवात अर्थात फोनच्याच हॉटस्पॉटने केली. आपल्याकडच्या नेहमीच्या प्रीपेड प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचे वेगळे पैसे पडत नाहीत, डेटा त्याच कोट्यातून जातो. अमेरिकेत काही कंपन्या हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा लावतात, म्हणून तिकडून आलेली अ‍ॅपं ‘टेदरिंग लपवतो’ अशी जाहिरात करतात. आपल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, त्यासाठी पैसे घालवू नका.

आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या. फोनला रेंज फक्त पडवीत, मी बसते माजघरात. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवला तर भिंतीपलीकडे पोचतच नाही, २.४ वर केला की आरामात येतो. ज्यांची घरं जुनी आहेत त्यांनी बाकी काही करण्याआधी हे बदलून बघा. ‘कोणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट बंद करा’ हा पर्यायही बंद ठेवा, नाहीतर लॅपटॉप झोपला की दर वेळी पडवीत जाऊन हॉटस्पॉट पुन्हा सुरू करावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. माझा प्लॅन रोज २ जीबीचा. तो संपला की स्पीड ६४ केबीपीएस, म्हणजे पोर्टलचं लॉगिनचं पानही उघडत नाही. जीएसटी पोर्टलला डेटा फार लागत नाही, तरी पहिल्या दिवशी जेवणाच्या आतच कोटा संपला. विंडोजचे अपडेट आणि वनड्राइव्ह (फायली आपोआप नेटवर चढवणारं) मागच्या मागे सगळा पिऊन बसले होते. उपाय लॅपटॉपमध्येच आहे: सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’, म्हणजे इथे डेटा मोजून वापर, असं चालू करायचं. मग विंडोज बहुतेक अपडेट थांबवून ठेवतं, वनड्राइव्हही सिंक थांबवतं. तोच कोटा मग संध्याकाळपर्यंत पुरायला लागला, वर सासूबाईंच्या टॅबवर कीर्तनही झालं. मात्र हे बटण त्या-त्या नेटवर्कपुरतं असतं. नाव बदललं की विंडोजच्या दृष्टीने ते नवं नेटवर्क, आणि मीटर्ड बंद.

अ‍ॅपच्या वाटेला गेले ते शेजारच्या दिरांच्या वाय-फायमुळे. त्यांचं कनेक्शन दुसऱ्या कंपनीचं, बहुतेक वेळा चालू असतं आणि आमच्या पडवीपर्यंत येतं. माजघरात येत नाही. फोनवर ते पकडून लॅपटॉपला पुढे द्यावं म्हटलं, तर हॉटस्पॉट चालू केल्याबरोबर फोनचं वाय-फाय बंद होतं. अनेक फोनमध्ये दोन्ही एका वेळी चालत नाहीत. इथे वाय-फाय डायरेक्ट (दोन उपकरणं राउटरशिवाय थेट जोडायची सोय) वापरणारी अ‍ॅपं कामाला येतात. नेटशेअर आणि पीडीएनेट प्लस ही त्यातली माहितीतली नावं. फोन रूट करायला, म्हणजे त्याची सिस्टिम पूर्ण खुली करायला लागत नाही, आणि फोन वाय-फायवर असतानाच त्याच्यावरून दुसरं नेटवर्क निघतं. पहिल्यांदा माजघरात दिरांचं नेट आलं तेव्हा फार बरं वाटलं. दुरुस्तीवाल्याची वाट बघणंच संपलं.

नेटशेअरमध्ये लॅपटॉपवर प्रॉक्सी, म्हणजे नेट ज्याच्यामार्फत घ्यायचं तो मधला पत्ता, हाताने टाकावी लागते: पत्ता १९२.१६८.४९.१, पोर्ट ८२८२. पीडीएनेटचं स्वतःचं विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, ते बसवलं की हा खटाटोप वाचतो. पण फुकट आवृत्तीला वेळेची मर्यादा आहे. ईझीटेदरच्या फुकट लाइट आवृत्तीत एचटीटीपीएसच्या साइट चालत नाहीत. बँक, पोर्टल, मेल सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे ती फक्त जोडणी होते का एवढं बघण्यापुरती. आणखी एका अ‍ॅपने जोडणीआधी कॉन्टॅक्टची परवानगी मागितली, ते तिथल्या तिथे काढून टाकलं. लोकेशनची परवानगी मात्र जुन्या अँड्रॉइडवर वाय-फाय डायरेक्टसाठी लागतेच. अँड्रॉइड १३ पासून त्याऐवजी ‘जवळपासची डिव्हाइस’ अशी वेगळी परवानगी आहे.

प्रॉक्सीचा एक त्रास सगळ्यांनाच होईल. काम झालं की ती विंडोजमधून आठवणीने काढावी लागते. नाहीतर घरचं फायबर सुरू झालं तरी ब्राउझर काही उघडणार नाही, आणि तुम्ही विनाकारण राउटर बंद-चालू करत बसाल. शिवाय काही सॉफ्टवेअर प्रॉक्सीला जुमानतच नाहीत. ब्राउझर चालतो, ती अडकतात.

तरीही नावाचा मुद्दा मला यापेक्षा मोठा वाटतो. वाय-फाय डायरेक्टचं नेटवर्क ‘डायरेक्ट’ आणि पुढे दोन अक्षरं अशा नावाने दिसतं, आणि अ‍ॅपने ते कायम केलं नसेल तर ती अक्षरं दर वेळी बदलतात, पासवर्डही. नवं नाव आलं की मीटर्ड गेलं. दिरांच्या वाय-फायवर असताना याने काही बिघडत नाही. पण सप्टेंबरात एका दुपारी त्यांचं वाय-फाय क्षीण झालं, फोन गुपचूप मोबाइल डेटावर गेला, अ‍ॅपने तो तसाच पुढे दिला. लॅपटॉपला यातलं काही कळत नाही. पाच वाजता २ जीबी संपल्याचा मेसेज आला आणि एक रिटर्न अर्धं राहिलं. तेव्हापासून माझा नियम: वाय-फाय पुढे देताना फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवायचा. तुटलं तर तुटू दे, कोटा तरी शाबूत राहतो.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा अ‍ॅपची पूर्ण आवृत्ती विकत घ्यायची असं माझं ठरत आलं होतं. दिवाळीत ते मत बदललं. यूएसबी टेदरिंगचं, म्हणजे केबलमधून नेट देण्याचं बटण माझ्या फोनवर कायम फिकट, दाबताच येत नसे. देवरूखला मोबाइलच्या दुकानात दाखवलं. मुलाने माझी केबल हातात घेतली, दोन्ही टोकं बघितली आणि म्हणाला, “वहिनी, ही नुसती चार्जिंगची आहे, डेटा नाही जात हिच्यातून.” दुसरी, चांगली लांब केबल आणली. लावल्याबरोबर बटण उजळलं, आणि फोन दिरांच्या वाय-फायवर असताना तेच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळालं. अ‍ॅप नाही, प्रॉक्सी नाही, जाहिराती नाहीत, वर फोन चार्ज होतोय. फोन पडवीच्या दारात, केबल उंबऱ्यावरून आत. ही सोय अँड्रॉइडमध्ये वर्षानुवर्षं आहे. अ‍ॅप शोधण्याआधी प्रत्येकाने ही करून बघावी असं मी मनापासून सांगते.

दोन-तीन उपकरणं एकदम चालवायची असतील तर अ‍ॅप अजूनही उपयोगी. फोनवरचा व्हीपीएन (नेटचा खासगी, सुरक्षित मार्ग) लॅपटॉपला द्यायचा असेल तरीही, कारण फोनचा साधा हॉटस्पॉट लॅपटॉपचा डेटा व्हीपीएनमधून नेत नाही. त्यासाठी एव्हरी प्रॉक्सी हे फुकट अ‍ॅप पुरतं, पैसे भरू नका.

माझी आताची घडी अशी: दिरांचं वाय-फाय असेल तर केबल आणि मोबाइल डेटा बंद, नसेल तर फोनचा हॉटस्पॉट, मीटर्ड चालू. एकच गोष्ट सुटलेली नाही. केबलनेही माझ्या फोनवर दर वेळी नवं नेटवर्क धरलं जातं, ‘नेटवर्क’ पुढचा आकडा वाढतो आणि मीटर्ड पुन्हा बंद. रूट न करता हे कुणी कायमचं बसवलं असेल तर कृपया सांगा, फोनचं मॉडेल आणि विंडोज १० की ११ तेही लिहा.