ओटीपी सांगितला, तिथंच घात झाला

पहिला पगार खात्यात पडला की महिनाभरात कोणीतरी ओळखीचा माणूस गाठतोच. जळगावच्या एमआयडीसीतला चटईचा कारखाना असो, डाळमिल असो की भुसावळचं एखादं दुकान, रीत एकच. टपरीवर चहा सांगायचा, "भाऊ, तू फक्त आधार-पॅन दे, बाकी मी पाहतो" म्हणायचं आणि मोबाईलवर आरोग्य विम्याचा फॉर्म भरायला घ्यायचा. मग "ओटीपी आला का? सांग." पाच मिनिटांत काम संपतं. फसवणूक त्या पाच मिनिटांतच होते. कळते मात्र दीड-दोन वर्षांनी, दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीवर.

त्या फॉर्ममध्ये तब्येतीचे प्रश्न असतात: शुगर, बीपी, दमा, फिट, मुतखडा, आधी झालेलं ऑपरेशन, तंबाखू, चालू गोळ्या. एजंट तुम्हाला न विचारता सगळीकडे 'नाही' दाबत जातो. एक जरी 'हो' आला तरी कंपनी रिपोर्ट मागते, प्रीमियम वाढवू शकते, पॉलिसी लांबते आणि त्याचं कमिशन अडकतं. पुढे पोटात कळ येऊन तुम्ही भरती होता. डॉक्टर विचारतात, तुम्ही खरं ते सांगता आणि केसपेपरवर ओळ पडते: 'तीन वर्षांपूर्वी मुतखड्याचा त्रास'. कंपनी ती ओळ आणि फॉर्ममधला 'नाही' शेजारी ठेवते. क्लेम नाकारला जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. "एजंटने भरलं" हे तिथं कोणी ऐकून घेत नाही. ओटीपी तुमचा, म्हणजे उत्तरही तुमचंच.

खरं लिहिलं असतं तर बहुतेक वेळा थांबावं लागलं असतं, एवढंच. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त 36 महिने आहे. लपवलेली गोष्ट मात्र सलग 60 महिने कंपनीच्या हातात राहते. त्यानंतर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय तिला या कारणावरून क्लेम अडवता येत नाही. म्हणून फॉर्म स्वतःच्या हाताने भरा, निदान प्रत्येक पान वाचूनच ओटीपी द्या आणि पानांचे स्क्रीनशॉट ठेवा.

फॉर्मवर मोबाईल नंबर आणि ईमेल कोणाचा टाकला तेही पाहा. एजंटने स्वतःचा टाकला तर पॉलिसी त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो तेवढा मिळतो. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. हे 30 दिवस तुमच्या नकळत निघून जावेत म्हणूनच तो ईमेल असतो. पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक द्यावंच लागतं. ते मराठीतून मागा.

आता विकतात काय ते. "तीन हजारांत पन्नास लाखांचं कव्हर" म्हणजे बहुधा टॉप-अप. त्यात 5 लाखांचं डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम असेल तर 5 लाखांपर्यंतचं बिल तुमचंच. डेंग्यूच्या पन्नास हजारांच्या बिलावर एक रुपयाही येत नाही. हजार-दोन हजारांचं 'हेल्थ कार्ड' तर विमाच नसतो, नुसतं सवलतीचं कार्ड. खऱ्या पॉलिसीवर यूआयएन, म्हणजे त्या योजनेचा ओळख क्रमांक असतो आणि तो आयआरडीएआय या सरकारी विमा नियामकाच्या वेबसाइटवर सापडतो.

खोलीभाड्याची अट कोणीच समजावून सांगत नाही. कव्हर 3 लाखांचं, खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या 1 टक्का, म्हणजे रोजचे 3,000. तुम्ही 6,000 ची खोली घेतली, चार दिवस राहिलात. बिल असं: खोली 24,000, सर्जन-ओटी (ऑपरेशन थिएटर)-नर्सिंग 80,000, औषधं आणि तपासण्या 36,000. खोलीचे 12,000 मिळतील. पण खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची, म्हणून सर्जन-ओटी-नर्सिंगचेही निम्मेच, 40,000. औषधं-तपासण्यांना ही कपात लागत नाही, ते 36,000 पूर्ण धरा. एकूण 1,40,000 पैकी हातात 88,000, आणि 52,000 घरून. खोलीप्रमाणे बाकीचे दर बदलत नसतील तर ही कपात करता येत नाही, तेव्हा दवाखान्याकडून तसं लेखी घ्या.

खान्देशातल्या माणसाला आणखी एक अट नडते. काही पॉलिसींत शहरांचे झोन असतात. आपला पत्ता स्वस्त झोनमधला, म्हणून प्रीमियम कमी. पण पेशंट जड झाला की आपण नाशिक, मुंबई गाठतो, नंदुरबारची माणसं सुरतला जातात. शहर वरच्या झोनमध्ये असेल तर बिलाचा ठरावीक टक्का खिशातून जातो, यालाच को-पे म्हणतात. पॉलिसीत 'झोन' आणि 'को-पे' हे दोन शब्द शोधाच. कॅशलेसच्या, म्हणजे कंपनी थेट बिल भरते अशा दवाखान्यांच्या यादीतही आधी धुळे-जळगावचे दवाखाने बघा.

पैसे एजंटच्या क्यूआर कोडवर टाकू नका. प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवर जीएसटी शून्य आहे, तेव्हा वेगळे 18 टक्के मागणाऱ्याकडून घेऊच नका. आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर स्लिपवर ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची कपात दिसते का ते आधी पाहा.

फसलाच असाल तर पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, लेखी. मग आयआरडीएआयचं तक्रारींचं बिमा भरोसा पोर्टल, किंवा 155255 वर फोन. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. आपल्या भागासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. सोबत प्रस्ताव फॉर्मची प्रत, क्लेम नाकारल्याचं पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि एजंटचे व्हॉट्सॲप मेसेज जोडा. ते मेसेज आजपासूनच डिलीट करू नका.