अफिलिएट ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर: सेटअप सोपा, हिशोबात गोची
ऑनलाइन कोर्स विकते, अफिलिएट प्रोग्रॅमसाठी (म्हणजे इतरांनी त्यांच्या लिंकवरून कोर्स विकून दिला की त्यांना कमिशन) हे सॉफ्टवेअर घेतलं, सहा महिने झाले. लिंका बनवणं, २० टक्के कमिशन लावणं अर्ध्या तासात उरकलं, पण कुकी (गिऱ्हाईक कुणाच्या लिंकवरून आलं ते ब्राउझरमध्ये ठेवणारी छोटी नोंद) ३० दिवसांची ठेवूनही आयफोनवरच्या काही विक्र्या कुणाच्याच नावावर चढेनात. मग कळलं की सफारी (आयफोनचा ब्राउझर) जावास्क्रिप्टने, म्हणजे वेबपेजवरच्या कोडने, टाकलेली कुकी ७ दिवसांतच उडवतं, आणि डेमोत यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता! एका अफिलिएटने स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं, तिचं कमिशन हाताने टाकलं. आता प्रत्येकाला वेगळा कूपन कोड दिलाय, त्याने विक्री बरोबर पकडली जाते. रिफंड झाला की कमिशन आपोआप वजा होतं, हे मात्र झकास. सपोर्टवाले दोन दिवसांनी उगवतात, तेही कॉपी-पेस्ट घेऊन. तीन स्टार.