जेलमधील वनस्पतिजन्य घटक त्वचेत किती उतरतो? मापनपद्धतींचा तुलनात्मक आढावा

जेल लावल्यानंतर त्यातील कुरक्युमिन (हळदीतील पिवळा घटक) किंवा क्वेर्सेटिन (कांद्यासारख्या वनस्पतींतील घटक) हे पृष्ठभागावर उरलेल्या जेलमध्ये, साधारण 10 ते 20 मायक्रॉन जाडीच्या स्ट्रॅटम कॉर्नियममध्ये (त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात) किंवा त्याखालच्या जिवंत थरांत असू शकते. यांपैकी कोणत्या ठिकाणचा आकडा हवा आहे हे आधी ठरवले, तर पद्धतीची निवड बरीच सोपी होते.

अनेक जेलमधून एक-दोन निवडायची असतील, तर फ्रान्झ सेल या दोन कप्प्यांच्या चाचणी-उपकरणाला पर्याय नाही असे माझे मत आहे. त्यात मानवी त्वचा किंवा डुकराच्या कानाची त्वचा कप्प्यांच्या मध्ये बसवून, ती सुमारे 32 अंश सेल्सिअसला ठेवून, खालच्या द्रवातून ठरावीक वेळाने नमुने काढतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 2004 मधील 428 क्रमांकाची मार्गदर्शिका याच प्रकारच्या चाचणीसाठी आहे. मात्र वनस्पतिजन्य घटकांच्या बाबतीत खालचा द्रव हाच कळीचा मुद्दा ठरतो. कुरक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, शिवाय 37 अंशांवर 7.2 सामूच्या फॉस्फेट द्रावणात त्याचा सुमारे 90 टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. त्यामुळे द्रवात काहीच सापडले नाही, यावरून काहीच आत गेले नाही असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. विद्राव्यता वाढवण्यासाठी इथेनॉल घालता येते, पण त्याचे प्रमाण वाढले की त्वचेचा अडसरच कमकुवत होतो.

टेप स्ट्रिपिंग जिवंत माणसावर करता येते आणि स्वस्तही पडते. चिकटपट्टी एकसारख्या दाबाने लावून, एका झटक्यात ओढून, प्रत्येक पट्टीतील घटक मिथेनॉलमध्ये उतरवून मोजतात. खरी अडचण त्वचेच्या बारीक सुरकुत्यांत असते: तिथे साचलेले जेल वरच्या पट्ट्यांबरोबर निघत नाही, दहाव्या पट्टीवर येते आणि खोलवर शोषले गेल्याचा आभास निर्माण करते. पद्धतीचा नाजूकपणा एका प्रसंगावरून कळतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या पद्धतीवर आधारित मार्गदर्शक सूचनांचा मसुदा 1998 मध्ये काढला. पण ट्रेटिनॉइन या मुरुमांवरील औषधाच्या त्याच त्या जेलांवर दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले आणि 2002 मध्ये तो मागे घेण्यात आला. त्यामुळे पट्टीवर निघालेल्या त्वचेचे प्रमाण वजनाने किंवा प्रथिनमापनाने नोंदवल्याशिवाय या आकड्यांवर विसंबू नये.

डर्मिसमधील (त्वचेच्या आतल्या जिवंत थरातील) प्रत्यक्ष प्रमाण हवे असेल, तर मायक्रोडायलिसिसचा, म्हणजे त्वचेत बारीक पडदायुक्त नळी घालून तिच्यातून द्रव वाहवण्याच्या पद्धतीचा, विचार होतो. परंतु तेलप्रिय रेणू नळीच्या पडद्यातून जलीय द्रवात फारसे येत नाहीत. अशा रेणूंसाठी पडदा नसलेले ओपन फ्लो मायक्रोपर्फ्युजन अधिक योग्य ठरते, अर्थात खर्च आणि कौशल्य यांची तयारी असल्यास. कन्फोकल रामन ही लेझर प्रकाशाने रेणू ओळखणारी पद्धत त्वचेला इजा न करता खोलीनुसार चित्र देते, मात्र कुरक्युमिनसारख्या प्रतिदीप्त (प्रकाश पडल्यावर स्वतः चमकणाऱ्या) घटकाचा रामन संकेत त्याच्याच प्रकाशात बुडू शकतो.

मर्यादित निधीत मी डुकराच्या कानाची त्वचा, फ्रान्झ सेल आणि प्रयोगाअखेर त्याच तुकड्यावर टेप स्ट्रिपिंग अशी सांगड घालीन. उरलेले जेल, पट्ट्या, उर्वरित त्वचा आणि खालचा द्रव या चारही ठिकाणचे प्रमाण मिळून लावलेल्या मात्रेशी जुळते का, हे त्यातून तपासता येते. मोजणीला एचपीएलसी (द्रव-वर्णलेखनाने घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) पुरते. द्रवातील प्रमाण तिच्या मापनमर्यादेखाली जाऊ लागले, तरच एलसी-एमएसचा (तिला वस्तुमान-मापनाची जोड दिलेल्या, अधिक संवेदनशील पद्धतीचा) खर्च करावा.