मेंदूदान सेवा : ठाण्याहून मुंबईपर्यंतची एक रात्र आणि त्यानंतरचे आठ महिने

गेल्या श्रावणात आमच्या वडिलांचे निधन झाले आणि त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचा मेंदू आम्ही मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरोपॅथॉलॉजी (मेंदूच्या ऊती तपासून आजार ओळखणाऱ्या) विभागाला दान केला. त्या विभागाच्या मेंदूदान सेवेबद्दल हे लिहीत आहे. काही तक्रारी आहेत, त्या संबंधितांना लेखी कळवल्या आहेत, म्हणून रुग्णालयाचे नाव येथे घेत नाही. ठाण्यात राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला हा निर्णय घ्यायचा असेल, तर त्यांना नावापेक्षा त्या रात्री काय काय करावे लागते हे कळणे अधिक उपयोगाचे ठरेल.

बाबा २०१७ पासून चालताना तोल जाऊन मागच्या मागे पडू लागले होते. सुरुवातीला पार्किन्सनचे निदान झाले आणि दोन वर्षे लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सनवरच्या, गोळ्या चालल्या. गुण मात्र आला नाही. मग एका न्यूरॉलॉजिस्टच्या लक्षात आले की त्यांची नजर खाली वळतच नाही. घरात आम्हाला हेच लक्षण निराळ्या रूपात दिसत होते. ताटात काय वाढले आहे ते बाबांना दिसत नसे, घास चुकत असे, आणि आम्ही ते हट्टीपणावर ढकलत होतो. आईने एके दिवशी ताट जुन्या दिवाळी अंकांच्या चळतीवर ठेवले आणि बाबा पुन्हा स्वतःच्या हाताने जेवू लागले. एमआरआयमध्ये मध्यमेंदू आक्रसलेला दिसला. बाजूने घेतलेल्या त्या छायाचित्रात त्याचा आकार हमिंगबर्ड पक्ष्यासारखा भासतो, असे डॉक्टरांनी दाखवले. आजाराचे नाव प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, म्हणजे पीएसपी. स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या तिघांनी १९६४ साली तो स्वतंत्र आजार म्हणून मांडला. लाखात पाच-सात जणांना तो होतो आणि आजही त्याला आळा घालणारे औषध नाही. केस पेपरवर मात्र शेवटपर्यंत 'संभाव्य पीएसपी' असेच लिहिलेले राहिले, कारण खात्रीचे निदान मृत्यूनंतर मेंदूच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होते.

बाबांना तो 'संभाव्य' शब्द फार खटकत असे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे क्वालिटी कंट्रोलचे काम पाहिले होते. बोलणे अडखळू लागले होते तेव्हाही त्यांनी आम्हा भावंडांना थांबत थांबत सांगितले, "नग उघडल्याशिवाय बिघाड कळत नाही. मला उघडा." आई उठून स्वयंपाकघरात निघून गेली. आठवडाभराने तिनेच विचारले की अर्ज कुठे मिळतो.

अर्ज कुठे मिळतो हे शोधणे हाच या सेवेतला पहिला अडथळा आहे. अवयवदानाच्या एका मदतवाहिनीवर मी फोन केला, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी विचारले, "पेशंट व्हेंटिलेटरवर आहे का?" मेंदूदान म्हटले की लोकांच्या डोक्यात मेंदूमृत्यूच येतो. तो १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याचा विषय आहे आणि त्यात हृदय, यकृत, मूत्रपिंड दुसऱ्याला दिले जातात. मेंदू कुणालाही बसवला जात नाही, तो केवळ अभ्यासासाठी असतो आणि नेहमीच्या मृत्यूनंतरही देता येतो. (आमच्या आत्याने अगदी गंभीरपणे विचारले होते, "मग कुणाला बसवणार रे तो?") देहदानाशीही त्याची गल्लत होते. शरीररचनाशास्त्राचे विभाग शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारत नाहीत, त्यामुळे देहदानाचा अर्ज आधीच भरलेला असेल तर दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागते. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे, पण ठाण्यात रात्री झालेल्या मृत्यूनंतर काही तासांत तिथे पोहोचणे आम्हाला शक्य नव्हते. अखेर बाबांच्या न्यूरॉलॉजिस्टनीच मुंबईतल्या या विभागाचा क्रमांक दिला.

तिथल्या समन्वयक ताईंना मी पूर्ण गुण देईन. त्यांनी व्हिडिओ कॉलवर तासभर बोलून सगळे सांगितले आणि एकदाही घाई केली नाही. बाबांनी हयातीत केलेली सही ही इच्छा मानली जाते. मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकाची संमती पुन्हा, दोन साक्षीदारांसह घ्यावी लागते, आणि घरातल्या एकाचाही ठाम विरोध असेल तर ते दान घेत नाहीत. म्हणून त्यांनी आत्यालाही कॉलवर बसवायला सांगितले. बाबांची सही त्या कागदावर इतकी बारीक उमटली की भिंगाने पाहावी. आजारात अक्षर आकसते, हे आम्हाला तोवर पाठ झाले होते. ताईंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मला इतरत्र कुठेही वाचायला मिळाली नव्हती. पीएसपीचे रुग्ण सारखे पडतात, आणि पडून डोक्याला मार लागून मृत्यू झाला तर ते प्रकरण पोलिसांकडे जाऊ शकते. मग शवविच्छेदन त्यांच्या प्रक्रियेने होते आणि मेंदूदान बहुधा बारगळते. त्या दिवसापासून आम्ही बाबांच्या पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे लावले, हे मान्य करायला थोडे विचित्र वाटते.

न्यूमोनियाने, घरीच, रात्री पावणेदोनच्या सुमारास बाबा गेले. गिळण्याचे स्नायू दुबळे होऊन अन्न श्वासनलिकेत जाते, त्यामुळे या आजारात अनेकांचा शेवट असाच होतो. दोन वाजून दहा मिनिटांनी मी फ्रिजवर चिकटवलेला क्रमांक फिरवला. दोनदा नुसती घंटा वाजत राहिली, तिसऱ्यांदा ताईंनी उचलला. "काकांच्या डोक्याखाली उशी ठेवा, एसी पूर्ण थंड करा आणि मिळेल तेवढा बर्फ पिशव्यांत भरून डोक्याभोवती ठेवा," असे त्या म्हणाल्या. मृत्यूनंतर पेशींमधली प्रथिने आणि आरएनए झपाट्याने विघटित होऊ लागतात, म्हणून मेंदू शक्यतो सहा तासांच्या आत काढावा, असा त्यांचा आग्रह असतो. इमारतीतल्या तीन घरांतून बर्फाचे ट्रे आले. इतक्या रात्री दार उघडून, काही न विचारता फ्रीझर रिकामा करून देणाऱ्या शेजाऱ्यांचे ऋण या सेवेच्या परीक्षणात बसत नाही, पण त्यांच्यावाचून ती रात्र निभली नसती.

यानंतरचा सगळा वेळ एका कागदाने खाल्ला. घरी मृत्यू झाल्यास डॉक्टरांना मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४अ मध्ये द्यावा लागतो आणि त्याशिवाय शववाहिनीवाला देह उचलत नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सकाळी येतो म्हणून सांगितले. त्यांना समजावून आणेपर्यंत चार वाजले. मेंदूदानाचे ठरले असेल तर हा दाखला रात्री कोण देणार, हे डॉक्टरांशी आधीच, स्पष्ट शब्दांत ठरवून ठेवावे. समन्वयकांच्या सूचनांच्या यादीत हा मुद्दा नव्हता, आणि ही त्यांची चूक मी मोठी समजते.

नेत्रदानात नेत्रपेढीची माणसे घरी येतात आणि अर्ध्या तासात काम आटोपते. मेंदू काढायला शवविच्छेदनाचे टेबल लागते, म्हणून देह तिकडे न्यावा लागतो. वातानुकूलित शववाहिनीचे साडेचार हजार रुपये आम्ही दिले. रुग्णालयाने आमच्याकडून काहीही घेतले नाही आणि वाहतुकीचा खर्चही दिला नाही, हे आधी सांगितलेले होते. पहाटेचा पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा होता, सव्वापाचला आम्ही शवागाराच्या दाराशी पोहोचलो. तिथल्या कर्मचाऱ्याला मात्र आम्ही येणार याची कल्पनाच नव्हती. "पोलिसांचा कागद कुठे आहे?" असे त्याने तीनदा विचारले. माझा धाकटा भाऊ, जो सहसा आवाज चढवत नाही, त्याने तो चढवला. ताईंचा त्या कर्मचाऱ्याला फोन गेला आणि पावणेसहाला दार उघडले. ज्या कामात प्रत्येक तास मोजायचा असतो, तिथे अर्धा तास केवळ पाळीच्या माणसाला निरोप न पोहोचल्यामुळे जावा, याचे समर्थन होऊ शकत नाही.

आतले काम त्यांनी तासाभरात आणि अतिशय आदराने केले. एका कानामागून दुसऱ्या कानामागपर्यंत टाळूवर छेद घेतात, कवटीचा वरचा भाग काढून मेंदू घेतात आणि तो भाग परत बसवून टाके घालतात. चेहऱ्याला धक्का लागत नाही. हे सगळे आम्हाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते असे की टक्कल असलेल्या माणसाच्या डोक्यावरची ती शिवण केसांत लपत नाही. नऊ वाजता देह घरी आला तेव्हा आईला ती दिसली. ती काही बोलली नाही. कपाटातून तिने बाबांची काळी टोपी काढली, जी ते लग्नकार्याला घालत असत, ब्रशने झटकली आणि त्यांना घातली. बाबा एखाद्या मुंजीला निघाल्यासारखे दिसू लागले. विभागाने डोक्याला पांढरी पट्टी बांधून देण्याची पद्धत ठेवावी, असे मी पुढे लेखी सुचवले आणि ताईंनी ते मान्य केले.

दुपारी जवाहरबाग स्मशानभूमीत एका काकांनी हळूच विचारले, की कवटी आधीच उघडलेली, मग कपाळमोक्षाचे काय? गुरुजींनी मान वर न करताच उत्तर दिले, "तो अग्नी बघून घेतो." विषय तिथेच संपला.

अहवाल आठ महिन्यांनी, गुढीपाडव्यानंतर आला. आम्हाला सहा महिने सांगितले होते. मेंदूचा अर्धा भाग उणे ऐंशी अंश सेल्सिअसला गोठवतात आणि अर्धा फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणात काही आठवडे मुरवून मग त्याचे काप करतात, त्यामुळे वेळ लागतो हे मान्य. पण मधल्या काळात एकही निरोप आला नाही, मी विचारले तेव्हाच कळत गेले. अहवाल मात्र नमुनेदार आहे. वजन १,२१० ग्रॅम. प्रौढ माणसाच्या मेंदूचे साधारण १,३०० ते १,४०० असते. मध्यमेंदूतला एक पट्टा निरोगी माणसात काळसर असतो, तो बाबांच्या मेंदूत फिकट पडलेला होता. पार्किन्सनमध्ये पेशींत दिसणाऱ्या लेव्ही बॉडीज, म्हणजे प्रथिनांचे गोळे, कुठेही नव्हत्या. टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी आणि त्याच प्रथिनाने भरलेल्या, झुपक्यांसारख्या दिसणाऱ्या तारकापेशी (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी) होत्या. शेवटच्या ओळीत 'संभाव्य' हा शब्द नव्हता.

तीन पाने, सगळी इंग्रजीत. आईने चष्मा लावून पहिले पान पाहिले आणि माझ्याकडे सरकवले. विभागाच्या डॉक्टरांनी फोनवर पंचवीस मिनिटे देऊन प्रत्येक परिच्छेद मराठीत सांगितला, भावाच्या मनातल्या प्रश्नाचेही उत्तर दिले की पीएसपी बहुतांशी आनुवंशिक नसतो. ते बोलणे एका पानावर मराठीत लिहून अहवालासोबत पाठवले, तर कुणाच्याही आईला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही. याच फोनमध्ये मला कळले की मेंदूच्या आजाराने गेलेल्यांच्या जोडीने त्यांना निरोगी माणसांचे मेंदूही हवे असतात, कारण तुलनेसाठी काही नसेल तर बिघाड ओळखायचा कशावरून. आणि असे दान सर्वांत कमी येते.

पाचपैकी मी चार गुण देते. एक गुण शवागाराच्या दाराशी गेला. अहवालासोबत आभाराचे एक प्रमाणपत्रही आले आहे, जाड कागदावर, सोनेरी किनारीचे, आणि त्यात बाबांच्या आडनावातल्या 'ण'चा 'न' झाला आहे. क्वालिटी कंट्रोलवाल्या माणसाचे प्रमाणपत्र असे भिंतीवर लावायचे नाही, असे आईने ठरवले. मी ते दुरुस्तीसाठी परत पाठवले आहे. ताई म्हणाल्या, पंधरा दिवसांत येईल. आज एकविसावा दिवस आहे.