जुनी हार्ड डिस्क दिसेना: केबल बदलावी की एसएसडी घ्यावी?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानातला जुना डेस्कटॉप 'डिस्क नाही' म्हणू लागला, की आधी केबलच्या जोडांवर बसलेल्या धुळीवर संशय घ्यावा.

खर्चात दुरुस्ती स्वस्त: साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी वायर) आणि सीआर२०३२ सेल (मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल) साधारण २००-२५० रुपयांत येतात. प्लग काढून केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा, पॉवरचा कनेक्टरही बदलून बघा. संगणकाची तारीख सारखी मागे जात असेल तर सेल संपलाय. मग अनेक जुन्या बोर्डांवर बायोसमधला (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमधला) डिस्कशी बोलायचा एएचसीआय मोड परत जुन्या आयडीई मोडवर येतो. डिस्क दिसते, पण विंडोज उठत नाही. नवा सेल बसवून मोड पूर्ववत करा, बस्स.

एसएसडीला (फिरते भाग नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कला) पैसे जास्त, वर विंडोज आणि टॅली नव्याने टाकायचा खटाटोप. पण साटा-२ या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीच्या बोर्डावरही ती जुन्या डिस्कपेक्षा कितीतरी चपळ.

टक-टक आवाज येत असेल तर केबलचा नाद सोडा. पुन्हापुन्हा चालू केलंत तर डिस्क वाचणारं हेड घासून सगळे हिशेब जातील. आधी डेटा काढून घ्या.

आवाज नाही, काम बिलांपुरतंच, तर केबल-सेलवर भागतं. रोजचे जीएसटीचे हिशेब असतील तर एसएसडीच घ्या, आणि बॅकअपची भिस्त त्या जुन्या डिस्कवर ठेवू नका.